सुटून आलेले कैदी आणि निरीक्षणगृहातील (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात ती जागा) मुलांच्या पुनर्वसनासाठी लहान संस्थेला अनुदान कसे मिळेल?

आपली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असली, तरी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीसाठी तेवढे पुरत नाही. आयकर कायद्याखालील करसवलतीच्या नोंदण्या (१२अ आणि ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या), तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरायच्या सीएसआर-१ अर्जातून मिळणारा नोंदणी क्रमांक हे सारे हाताशी असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

खरी अडचण मात्र त्यानंतरची आहे, कारण अनाथ मुलांसाठी सहज हात सैल सोडणारे दातेही ‘गुन्हेगार’ हा शब्द वाचून मागे सरतात. म्हणून प्रस्तावात ‘पुनर्वसन’ असा मोघम शब्द न लिहिता प्रत्यक्ष गरज मांडावी: संध्याकाळी कारागृहाच्या दारातून हातात एक पिशवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाला त्या रात्री निवारा, मग हरवलेले आधार कार्ड, खोलीची अनामत आणि कामाची हत्यारे लागतात. या प्रत्येक बाबीचा खर्च वेगळा दाखवावा आणि समाजकार्यकर्त्याचे वेतन संकोच न करता मागावे, कारण हे काम माणसांच्या सततच्या सोबतीवरच चालते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली मुंबईत सुरू केलेल्या, कैद्यांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या ‘प्रयास’ प्रकल्पाची पद्धत यासाठी अवश्य अभ्यासावी.

निरीक्षणगृह, बालगृह यांसारख्या बाल संगोपन संस्थांतून अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आधी विचारणा करावी, म्हणजे देणगीचा पैसा जिथे सरकारी मदत पोहोचत नाही तिथे वापरता येईल.