कंपनीचं बोर्ड स्वतःलाच मार्क देतं, मग ते खरे कसे मानायचे?

तुमचा प्रश्न असा की डिरेक्टर लोक स्वतःचं मूल्यमापन स्वतःच करतात तर त्याला अर्थ काय, आणि बाहेरच्या देशांत वेगळं असतं का. मी कंपनी सेक्रेटरी, आधी मुंबईत लिस्टेड कंपन्यांत होतो, आता रत्नागिरीत प्रॅक्टिस करतो, त्यामुळे या मूल्यमापनाचे फॉर्म वाटून गोळा करायचं काम माझ्याकडेच असायचं.

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यात हे आलं. लिस्टेड कंपनी किंवा 25 कोटी आणि वर भरणा भांडवल (शेअरधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) असलेली पब्लिक कंपनी असेल तर मूल्यमापन कसं केलं ते अहवालात लिहायचं. कसं केलं एवढंच हां, त्यातून निघालं काय ते सांगायची सक्ती नाही, म्हणून पन्नास कंपन्यांचे रिपोर्ट काढा, तोच परिच्छेद सापडेल. आणि फॉर्मवर पाचपैकी चारच्या खाली कोण देत नाही, उद्या त्याच माणसाशेजारी बसायचंय ना! गावच्या देवळाच्या मीटिंगला हिशोब वाचून झाल्यावर "कुणाची शंका?" विचारतात आणि सगळे चहाकडे बघतात, तसंच.

ब्रिटनमध्ये कंपनी कारभाराचा जो कोड आहे त्याप्रमाणे एफटीएसई 350 मधल्या, म्हणजे लंडनच्या शेअर बाजारातल्या मोठ्या साडेतीनशे कंपन्यांनी निदान तीन वर्षांतून एकदा बाहेरचा माणूस आणायचा. तो एकेकाला बाजूला घेऊन बोलतो, आणि फॉर्मवर जे कधीच येत नाही ते तिथे तोंडातून बाहेर पडतं, चेअरमन कुणाला बोलूच देत नाही वगैरे. मला हीच पद्धत पटते, फक्त त्या माणसाची फी ज्याचं मूल्यमापन तीच कंपनी भरते, ही गोची आहेच. अमेरिकेत न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या नियमानुसार दरवर्षी करायचंच, पण बाहेरचा माणूस लागतोच असं नाही, शिवाय उद्या कोर्टात निघेल म्हणून वकील सांगतात लेखी कमी ठेवा. जपानच्या 2015 च्या कोडमध्ये निष्कर्षाचा सारांश जाहीर करा असं आहे, नाही केलं तर कारण द्या. जर्मनीत रोजचा कारभार बघणारं बोर्ड वेगळं आणि त्याच्यावर देखरेखीचं बोर्ड वेगळंच, मोठ्या कंपन्यांत त्यात निम्मे कामगारांचे प्रतिनिधी, म्हणजे ते सुद्धा मार्क देणार.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र कामाची आहे, स्वतंत्र संचालकांनी (म्हणजे कंपनीशी किंवा मालकांशी हितसंबंध नसलेल्या डिरेक्टरांनी) वर्षातून एकदा मॅनेजमेंटला बाहेर ठेवून बसायचं. चेअरमनवर खरं काय ते तिथेच बोललं जातं, बोललं गेलंच तर. त्यांची दुसरी टर्म सुद्धा या मूल्यमापनावरच ठरावी असं कायदा म्हणतो. कमी मार्क पडले म्हणून कुणाची टर्म हुकली, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.