एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून एका आईचं पत्र आलंय. लिहितात: "मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. तिला नकाशांचं वेड. दहावीच्या सुट्टीत तिने उपग्रहाच्या चित्रावरून आमच्या भागातली हिरवळ रंगवून काढली. आता म्हणते, शहरात बागा कुठे हव्यात हे ठरवणारं काम करायचं. तिचे मामा म्हणतात, गणित सोड, बायोलॉजी ठेव, डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दे. विषय बदलायची मुदत पंधरा दिवसांत संपतेय. अशा कामाला नोकरी असते का? आणि गणिताचं काय करू?"

ताई, मुदत डोक्यावर आहे म्हणून उत्तर आधी देते: गणित सोडू देऊ नका.

मामांना वाईट वाटायचं कारण नाही. मुलीला डॉक्टर व्हायचं असतं तर त्यांचा सल्ला रास्त होता. पण तिला जिकडे जायचंय तिकडची सरळ वाट, म्हणजे नगर नियोजनाची पदवी, बारावीला गणित असल्याशिवाय उघडतच नाही. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग ॲण्ड आर्किटेक्चरमध्ये बी. प्लॅनला जेईई मेनच्या पेपर २ बी वरून प्रवेश मिळतो, आणि त्या पेपरात गणित आहेच. आपल्या जवळ म्हणाल तर पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत नियोजनाची पदवी आहे. बायोलॉजी हौसेने ठेवली तर बिघडत नाही. आणखी एक, काही ज्युनिअर कॉलेजांत सायन्सच्या मुलांनाही भूगोल घेता येतो. तिच्या कॉलेजात मिळतो का, ते ऑफिसच्या खिडकीवर विचारून या. या कामात बायोलॉजीपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

आता नोकरीचं. "उपग्रहाची नोकरी" असं काही डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. उपग्रहाची चित्रं आता फुकट मिळतात. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरचं चित्र देतो, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर रुंद, अमेरिकेचा लँडसॅट तीस मीटरचं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअरही फुकट. घरच्या लॅपटॉपवर तुमची मुलगी आज जे करतेय, ते आणखी हजारो मुलं करतात. नुसता हिरवा नकाशा काढता येण्याचे पैसे कुणी देत नाही. त्यातलं हिरवं नेमकं काय आहे आणि कुणाच्या उपयोगाचं आहे, हे ज्याला सांगता येतं त्याला काम मिळतं.

पुढचं तिलाच वाचायला द्या.

हिरवळ मोजायची रीत तुला ठाऊक असेलच. पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, हाच एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा आकडा. समज, दाट झाडीचा अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०५ आला, तर उत्तर ०.८. वाळलेल्या गवताचे तेच आकडे ०.३० आणि ०.२० आले, तर ०.२. सोपं गणित आहे. पण सेंटिनेलचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, दहा बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका जवळजवळ एक गुंठा! तुमच्या कॉलनीतली आठ गुंठ्यांची बाग या चित्रात आठ-नऊ ठिपक्यांची, आणि त्यातले कडेचे निम्मे रस्त्यात आणि कंपाउंडच्या भिंतीत मिसळलेले. गल्लीतला एकटा कडुनिंब तर त्यात शोधूनही सापडायचा नाही.

मागे एक मुलगा माझ्याकडे नकाशा घेऊन आला होता. मोठ्या हौसेने म्हणाला, "मॅडम, नाशकातली ही एवढी दाट हिरवळ कुणाच्या लक्षातच आलेली नाही." मी बोट ठेवून पाहिलं. गडद हिरवा, लांबट, जरासा वाकलेला पट्टा. गोदावरीतल्या पाणवेली होत्या त्या! पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो आपण, आणि उपग्रहाला तिथे नंदनवन दिसतं. रिकाम्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवतही त्याला तितकंच आवडतं.

उलटा घोळही होतो. मखमलाबाद, गंगापूरच्या बाजूला शहराला लागून द्राक्षबागा आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. छाटणीनंतर काही दिवस बाग अगदी बोडकी दिसते. नवशिका माणूस नेमका उन्हाळ्याचा एप्रिल आणि पावसानंतरचा ऑक्टोबर निवडतो, कारण मधल्या चार महिन्यांत ढगांमुळे धड चित्रच मिळत नाही. मग दोन्ही चित्रांत बाग उजाड, आणि हा लिहून मोकळा की इथे पडीक जमीन आहे. ज्याच्या मामाची बाग आहे तो ही चूक करणार नाही. (तुझ्या मामांची आहे का? असेल तर या कामी त्यांचा सल्ला जरूर घे.) पांडवलेणीचा डोंगरही तसाच. ऑक्टोबरात हिरवागार, एप्रिलमध्ये पिवळा. गवत गेलं की खाली झाडं किती आहेत ते तेव्हा कळतं, म्हणून झाडं मोजायला एप्रिलचंच चित्र बरं.

इथवर झाली मापणी. नियोजन यापुढे सुरू होतं. केंद्र सरकारच्या नगर नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती. दहाने गुणलंस तर जवळपास पंधरा चौरस किलोमीटर होतात, आणि तेही तेव्हाच्या लोकसंख्येला. आता सांग, पांडवलेणीचा डोंगर यात धरायचा का? डोंगर आहे, झाडी आहे, पण पंचवटीतल्या आजीबाई संध्याकाळी तिथे फिरायला जाणार आहेत का?

म्हणून पोहोच मोजावी लागते, आणि सरळ रेषेत मोजून चालत नाही. मुंबई–आग्रा महामार्गाच्या एका बाजूचं घर आणि दुसऱ्या बाजूची बाग नकाशावर तीनशे मीटरवर दिसतात. चालत जायचं तर महामार्गाखालच्या पुढच्या बोगद्यापर्यंत जा, रिक्षा-दुचाक्यांच्या गर्दीतून पलीकडे निघा, मग तेवढंच मागे या. लहान मुलाचं बोट धरून इंदिरानगरचा बोगदा संध्याकाळी सात वाजता पार केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रस्त्यांच्या जाळ्यावरून खरं चालायचं अंतर काढायची सोय क्यूजीआयएसमध्ये आहे. ती शीक. रंगीत नकाशापेक्षा मुलाखतीत तिचं वजन जास्त पडतं.

कायदाही लागतो, आणि तो सायन्सची मुलं टाळतात. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशकात जे रान पेटलं, ते तू पाहिलंस. त्या वादात झाडाचं वय किती, हा प्रश्न होता. आपल्याकडे १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. उपग्रह झाडाचं वय सांगत नाही. मात्र लँडसॅटची जुनी चित्रं १९७२ पासूनची आहेत. त्या जागी तेव्हा झाडी होती की नांगरलेलं रान होतं, एवढा अंदाज त्यांतून बांधता येतो, खोडाचा घेर मात्र टेप लावूनच मोजावा लागतो. चित्राचं कुठपर्यंत ऐकायचं आणि टेप कधी काढायचा, ही समज पुस्तकातून येत नाही.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येते. वाटा दोन. "कुठे काय आहे" यात तिचं मन रमत असेल तर बी.एस्सी. भूगोल किंवा बी.ई. सिव्हिल, आणि पुढे जिओइन्फर्मेटिक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि उपग्रहचित्रं हाताळायचं शास्त्र. पुणे विद्यापीठात ते आहे, डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेतही आहे (सुदूर संवेदन म्हणजे उपग्रहासारख्या साधनांनी लांबून पाहणी). आयआयआरएसचे मोफत ऑनलाइन कोर्स आजही करून पाहता येतील. "तिथे काय असायला हवं" हा प्रश्न तिला छळत असेल तर बी. प्लॅन, किंवा आर्किटेक्चर करून पुढे लँडस्केप, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांची रचना. पत्रावरून मला ती दुसऱ्या वाटेची वाटते. पण ती अजून सोळा वर्षांची आहे, माझं वाटणं फार मनावर घेऊ नका.

सरकारात सहायक नगररचनाकाराची पदं एमपीएससीतून भरतात, खाली रचना सहायक आहे. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. बाकी काम सल्लागार कंपन्यांत. आणि स्पष्टच सांगते, पहिली एक-दोन वर्षं कंटाळवाणी जातात. दिवसभर स्क्रीनवर इमारतींच्या कडा आखत बसायचं, तेही बहुतेक वेळा कंत्राटावर. शेजारच्या कॉम्प्युटर इंजिनिअरचा पहिला पगार कानावर आला की घरात एक दिवस शांतता पसरेल. तेवढी तयारी ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत तिला एक काम द्या. तिनेच काढलेला हिरवा नकाशा छापून घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक हिरव्या डागापर्यंत घरापासून चालत जायचं. फाटकाला कुलूप आहे का, दुपारी चारला बाकावर सावली असते का, तिथे बायका बसलेल्या दिसतात का, एवढं वहीत लिहायचं. एखादा डाग पाणवेली निघेल, एखादा कुणाच्या बंगल्याचं आवार. चार दिवसांत पाय दुखून ती घरी बसली तर जिओइन्फर्मेटिक्स. पाचव्या दिवशी कुलपाची चौकशी करायला महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन धडकली, तर बी. प्लॅनचा अर्ज.

आणि ती वही मला दाखवायला पाठवा.