२ जीबी रॅमच्या फोनमध्ये काय ठेवावं, काय काढावं

तुमचा प्रश्न असा: आई लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात गावी, तुम्ही पुण्यात. त्यांच्यासाठी २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीचा, अँड्रॉइड गो असलेला साधा फोन घेतलाय. दिवाळीला नेऊन द्यायचाय, त्याआधी त्यात चांगली फुकट ॲप्स टाकायची आहेत. आईंना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. घरची शेती, सोयाबीन. व्हॉट्सॲपवर नातवंडं दिसली की त्यांचं समाधान.

अशा फोनसाठी वीस-पंचवीस नावांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. त्यातली निम्मी जरी टाकलीत, तरी भाऊबीजेपर्यंत फोन अडखळायला लागेल. आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळींचे फोन मी बरीच वर्षं लावून देतेय, आणि माझा क्रम उलटा आहे. आधी काढायचं, मग टाकायचं.

अँड्रॉइड गो ही गूगलने २०१७ साली १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी जाहीर केलेली हलकी आवृत्ती. पुढे ती २ जीबीच्या फोनांवरही आली. पण सिस्टीम हलकी असली तरी फोनवाली कंपनी वरून जे भरून देते ते हलकं नसतं. गेम, खरेदी, बातम्या, झटपट कर्ज. काढता येतील ती काढा, निघत नसतील ती सेटिंगमध्ये जाऊन डिसेबल करा. लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि बातमी दाखवणारं काही असेल तर ते सगळ्यात आधी बंद. आई फोन उचलायला जातील आणि बोट जाहिरातीवर पडेल, हे ठरलेलं.

आता टाकायचं काय? प्रत्येक फुकट ॲपबद्दल मी एकच गोष्ट बघते: याचा खर्च कोण उचलतंय? सरकार, देणगीदार, मोठी कंपनी की जाहिरातवाले? उत्तर सापडलं नाही तर ते ॲप नको. टॉर्चचं उदाहरण घ्या. टॉर्च फोनमध्येच असतो, तरी लोक वेगळा टाकतात. अमेरिकेत २०१३ साली असंच एक लोकप्रिय टॉर्चचं ॲप तिथल्या व्यापार आयोगाच्या कचाट्यात सापडलं, कारण ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. उजेड पाडायला तुमचा पत्ता कशाला लागतो, एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरे होतं.

आणि हे उत्तर कायमचं नसतं. सिंपल मोबाइल टूल्स नावाचा ॲप्सचा एक संच होता: गॅलरी, फाइल मॅनेजर, कॅलेंडर, सगळं हलकं आणि जाहिरातीविना. मीही कित्येकांना टाकून दिला होता. २०२३च्या अखेरीस तो संच एका कंपनीला विकला गेला. ॲपचं नाव तेच राहिलं, मालक बदलला. त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे तो घेऊन काही जणांनी फॉसिफाय नावाने तीच ॲप्स पुढे चालू ठेवली. साधी गॅलरी किंवा वहीसारखं ॲप हवं असेल तर आज फॉसिफायचं घ्या. प्ले स्टोअरवर नाव शोधताना खाली लिहिलेलं बनवणाऱ्याचं नावही वाचत जा. ‘जाहिराती आहेत’ अशी ओळ तिथेच असते.

व्हॉट्सॲप तर लागणारच. पण २ जीबीच्या फोनचा जीव घेणारं तेच. सेटिंगमध्ये साठवण आणि डेटा या भागात जाऊन फोटो, व्हिडिओ आपोआप उतरवणं पूर्ण बंद करा. हवा तो फोटो आई बोट लावून उघडतील. गॅलरीत मीडिया दाखवणंही बंद ठेवा, नाहीतर नातीचा फोटो शोधताना चाळीस सुप्रभात आणि दहा विठ्ठल ओलांडावे लागतात. तुम्ही गावी जाल तेव्हा साठवणीच्या व्यवस्थापनात जा. तिथे ५ एमबीहून मोठ्या आणि पुन्हापुन्हा पुढे ढकललेल्या फाइल वेगळ्या काढून दाखवतात, पाच मिनिटांत साफसफाई होते. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते ‘माझे संपर्क’ करा. अनोळखी कॉल शांत करण्याची सोयही गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. पोलिसाचा गणवेश घालून ‘डिजिटल अटक’ करणारे व्हिडिओ कॉल याच वाटेने येतात.

लिहिण्यासाठी जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड. बहुतेक फोनमध्ये तो असतोच, फक्त त्यात मराठी भाषा जोडावी लागते. आईंना अक्षरं शोधत बसायला लावू नका. माइकचं चित्र दाबून बोलायचं, मराठी उमटतं. गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून दिली आहे. लातूरकडची बोली त्याला शंभर टक्के कळते असं नाही, ‘आलाव’ म्हटलं की काहीतरी भलतंच येतं, पण घरच्यांना अर्थ लागतो. हातानं लिहिण्याचा पर्यायही आहे. पाटीवर गिरवलेल्या पिढीला तो फार आवडतो, आणि ज्यांना मोठ्याने बोलून निरोप लिहायचा संकोच वाटतो त्यांची सोय होते.

गूगल लेन्स मला त्या फोनवरचं सगळ्यात उपयोगी ॲप वाटतं. खताच्या पोत्यावरचं, फवारणीच्या बाटलीवरचं, बँकेच्या पत्रातलं इंग्रजी कॅमेऱ्यासमोर धरलं की मराठीत दिसतं. औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचायला ठीक, पण गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांनी लिहिलेलं किंवा औषधवाल्याने सांगितलेलंच. कीटकनाशकाच्या प्रमाणाबाबतही तेच: भाषांतर बघा आणि कृषी सेवा केंद्रात विचारून खात्री करा.

शेतासाठी दोन ॲप्स, दोन्ही सरकारी, दोन्ही जाहिरातीविना. मेघदूत हे हवामान विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून २०१९ साली काढलं. जिल्ह्यानुसार पुढच्या काही दिवसांचा पाऊस, तापमान, वारा आणि पिकांचा सल्ला मराठीत मिळतो. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवा होतो, हे आईंना सांगून ठेवा, म्हणजे त्या रोज उघडून ‘तेच तेच दाखवतंय’ म्हणणार नाहीत.

दुसरं दामिनी. हे मी मराठवाड्यातल्या प्रत्येक फोनमध्ये हट्टाने टाकते. पुण्याच्या त्याच हवामान संस्थेने विजा टिपणाऱ्या यंत्रांचं देशभर जाळं उभं केलं आहे. त्यावरून तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर हे ॲप इशारा देतं. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, म्हणजे नेमकी सोयाबीनची काढणी चालू असताना, माणसं उघड्या रानात असतात किंवा झाडाखाली थांबतात. पण हे ॲप नुसतं टाकून काम होत नाही. लोकेशन कायम चालू लागतं, सूचनांना परवानगी लागते. साधे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करतात, म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये दामिनीवरचं बंधन काढून टाका. एवढं न केल्यामुळे ॲप असूनही इशारा न आलेले फोन मी पाहिलेत. इशारा आला की झाड सोडायचं आणि पक्क्या घरात जायचं, हे आईंना तोंडी समजावून सांगाच.

ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सरकारदरबारी नोंद स्वतः करण्याचं ॲप, आईंच्या फोनवर टाकायची गरज नाही. राज्यभर २०२१च्या १५ ऑगस्टपासून हे ॲप आलं. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, त्यामुळे पुण्यातून होत नाही. पण एकाच फोनवरून एकाहून जास्त खातेदारांची नोंद करता येते. गावात पुतण्या, भाचा, शेजारी, ज्याच्याकडे बरा फोन आहे त्याला सांगा. हंगामाला जुनी आवृत्ती काढून नवी घेण्याची कटकटही त्याच्याकडेच राहील.

पेन्शनचंही तसंच. आईंना फॅमिली पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला चेहरा दाखवून देता येतो, पण स्वस्त कॅमेरा आणि २ जीबी रॅमवर त्याच्याशी झुंजू नका. दिवाळीला तुम्ही असालच. नोव्हेंबर लागला असेल तर तुमच्या फोनवरून करून टाका. चेहरा त्यांचा लागतो, फोन कुणाचाही चालतो.

पैशांसाठी भीम हे यूपीआयचं ॲप पुरेसं आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी आलेलं, एनपीसीआयचं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचं. दिसायला साधं, आणि तेच बरं: कर्ज, सोनं, बक्षिसाचं कूपन असल्या गोष्टी जितक्या कमी दिसतील तितक्या चांगल्या. जोडायचं खातं मात्र वेगळं आणि लहान असू दे, ज्यात दोन-चार हजारांवर रक्कम नाही. पेन्शनचं किंवा पीकविम्याचं खातं यूपीआयला जोडूच नका. आणि एक गोष्ट पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. गावात नेट गेलं तर *९९# लावून त्याशिवायही व्यवहार होतो, पण आईंना ते किचकट वाटेल.

डिजिलॉकरमध्ये आधार, पॅन वगैरे ठेवता येतात, २०१५ पासूनची सरकारी सोय आहे. मी असते तर ते ॲप तुमच्या फोनवर, आईंच्या खात्याने उघडून ठेवलं असतं. त्यांना रोज लागणारं नाही. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या ॲपमध्ये आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, आणि हरवलेला फोन बंद करून घेता येतो. ही कामं त्याच्या वेबसाइटवरही होतात, म्हणून ॲपची सक्ती नाही. फक्त *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आजच वहीत उतरवून ठेवा. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आईंच्या संपर्कात ‘फसवणूक’ या नावाने टाका.

करमणुकीला व्हीएलसी, गाणी-व्हिडिओ वाजवणारं ॲप. देणग्यांवर चालणारी फ्रान्समधली ना-नफा संस्था ते बनवते, जाहिराती घालण्यासाठी आलेल्या मोठ्या रकमा तिच्या प्रमुखाने नाकारल्या आहेत. मेमरी कार्डावरची कीर्तनं, भारुडं सगळं वाजवतं. आकाशवाणीसाठी न्यूज ऑन एअर. फोनमध्ये एफएम असेल तर इअरफोन लावून ऐकलं की डेटाही लागत नाही. यूट्यूब गो ही हलकी आवृत्ती होती तेव्हा बरं होतं, ती २०२२च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. आता मुख्य यूट्यूबच वापरा, सेटिंगमध्ये डेटा बचत लावून.

रॅम वाढवणारी, बॅटरी थंड करणारी, व्हायरस मारणारी ॲप्स मात्र एकही नको. रॅम कुणाला द्यायची हे अँड्रॉइड स्वतः बघतं. बाहेरचं ॲप सगळं मारून टाकतं, मग तीच ॲप्स पुन्हा पहिल्यापासून उघडताना फोन आणखी दमतो. साफसफाईला गूगलचं फाइल्स आहे. तपासणीला प्ले स्टोअरचं प्ले प्रोटेक्ट आत आहेच.

ॲप न टाकता होणारी तीन कामं आहेत, आणि मला विचाराल तर वरच्या सगळ्यांहून ती मोलाची. पहिलं, ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करणे’ या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स सगळ्यांची परवानगी बंद करा. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइल फिरतात. उघडली की मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती. ओळखीच्याच नंबरवरून येतात, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. दुसरं, अँड्रॉइड ९ किंवा पुढचं असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणारी सेवा आपण निवडायची सोय. तिथे जाहिराती अडवणाऱ्या ॲडगार्डचा सार्वजनिक पत्ता टाकला की बऱ्याच ॲप्समधल्या जाहिराती गळतात. पत्ता त्यांच्या वेबसाइटवर मिळेल. एखादं बँकेचं पान अडलं तर तेवढ्यापुरतं बंद करायचं. तिसरं, होम स्क्रीनवर तुमचा, बहिणीचा, शेजारच्या काकूंचा फोटो लावून थेट फोन लागणारे शॉर्टकट ठेवा. अक्षरं मोठी करा. पहिल्या पानावर सहाहून जास्त चित्रं नकोत.

गूगल खातं मात्र दुकानात उघडू देऊ नका. दुकानदार घाईत त्याला आठवेल त्या पासवर्डने उघडून देतो, आणि फोन रिसेट करायची वेळ आली की जुनं खातं टाकल्याशिवाय फोन पुढेच जात नाही. खातं तुम्ही उघडा, परत मिळवण्यासाठीचा नंबर तुमचा द्या, पासवर्ड आईंच्या बँक पासबुकाजवळच्या वहीत नको, तुमच्याकडे असू दे.

मेमरी कार्ड घेणार असाल तर नावाजलेल्या कंपनीचं, पक्क्या बिलाचं, ३२ किंवा ६४ जीबीचं. त्यावर फोटो आणि कीर्तनं ठेवा, ॲप्स हलवू नका. कार्डावर ती मंद चालतात. फोनचं मॉडेल आणि सेटिंगमधली अँड्रॉइडची आवृत्ती लिहिलीत तर प्रायव्हेट डीएनएस आणि बॅटरीचं बंधन नेमकं कुठे सापडेल ते सांगते. प्रत्येक कंपनी ते वेगळ्याच कोपऱ्यात लपवते.