देव आहे की नाही याचीच खात्री नसताना पूजाअर्चा करणं हे ढोंग नाही का? आणि इतक्या धर्मांतला खरा कोणता?

'ढोंग' हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. बाविसाव्या वर्षी आमच्या दारात मी तो ऐकलाय.

आम्ही सोलापूरचे, अप्पा यंत्रमागावर. गड्ड्याच्या जत्रेत भोगीला सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता असतात. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, त्यासाठी संमती कट्ट्यापाशी येतात. त्या वर्षी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो होतो आणि देव नाही असं घरात सांगूनही टाकलं होतं. तरी सकाळी बाराबंदी अंगात घातली. काका म्हणाले, "मानत नाहीस ना? मग अक्षता कशाला टाकतोस? ढोंग आहे हे."

अप्पा एक शब्द बोलले नाहीत. माझे बंद बांधत बसले. सुतानं चिरलेली बोटं, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघायची, मागावर तुटलेला धागा जोडल्यावर बघतात तशी. शेवटचा बंद बांधून म्हणाले, "चल, उशीर होतोय."

मी गेलो, अक्षता टाकल्या, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ओरडून घसा बसला. त्यात खोटं काही नव्हतं.

काकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. आधी देव माना, मगच विधी करा, ही अट काकांची आहे, परंपरेची नाही. यज्ञाचे सगळ्यात कट्टर पाठीराखे म्हणजे पूर्वमीमांसक, आणि सृष्टी घडवणारा ईश्वर त्यांनाच मान्य नव्हता. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातलं नासदीय सूक्त संपतं तेच मुळी शंकेवर: हे सगळं कुठून आलं ते वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, नाहीतर त्यालाही नसेल. जग शाश्वत आहे का, असं मालुंक्यपुत्त या भिक्षूनं विचारलं तेव्हा बुद्धानं विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला: बाण कुणी मारला, मारणारा कुठल्या जातीचा होता, हे विचारत बसला तर मरून जाईल. आणि ज्यांच्या अक्षता, ते 12व्या शतकातले सिद्धराम? तळं खोदून घेत असताना शरण संत अल्लमप्रभू आले आणि "कुठाय तो दगडफोड्या?" म्हणून त्यांच्या कामाचीच टर उडवली, अशी कथा आहे. कामावरच्या माणसांनी दगड उचलले. सिद्धराम मात्र वाद ऐकून शेवटी त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या बसवकल्याणला, गेले.

खरा धर्म कोणता, ते मला सांगता येणार नाही. देव असलाच तर मानण्यात फायदा, ही फ्रेंच विचारवंत पास्कलची पैजही इथे कामाची नाही, कारण पैज कुठल्या देवावर लावायची हाच तर प्रश्न आहे.

एक मात्र राहिलं. इस्लाममध्ये शहादा, म्हणजे श्रद्धेची साक्ष, हा पहिलाच स्तंभ, आणि ख्रिस्ती चर्चमध्ये श्रद्धेची कबुली मोठ्यानं म्हणतात. तिथे न मानता उभं राहणं अवघड आहे, तिथल्या माणसाला माझं उत्तर पुरणार नाही.

पण तुमच्या घरात कुणी असंच दारात अडवलं, तर एवढं विचारा: मीमांसकांनाही यज्ञमंडपातून उठवणार का?