"फॉर्म भरताना बघू" म्हणाले, आणि मी थांबले

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच आली नाही. मुलगा नववीत, चौथीत असताना डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण) आणि डिसग्राफियाचं (लिहिण्याची अडचण) सर्टिफिकेट काढलेलं, त्याची प्रत शाळेत तेव्हाच दिलेली, आणि आता परीक्षेतल्या सवलतींचं विचारलं की वर्गशिक्षिका म्हणतात, "काळजी करू नका, दहावीचा फॉर्म भरताना बघू." हे वाक्य मी २०१७ साली अगदी याच शब्दांत ऐकलंय. मीही काळजी केली नाही. ते माझ्या मुलाला दोनदा भोवलं, दुसऱ्यांदा तर दहावी होऊन दोन वर्षं झाल्यावर.

रिमेडियल कसं घ्यायचं, स्पेशल एज्युकेटर कसा निवडायचा, घरी वाचून कसं दाखवायचं, यातलं काही लिहीत नाही. पाच वर्षं तुम्ही ते करताय. आणि आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, वकील नाही. एका मुलाची आई आहे आणि घरात एक जाडजूड फाईल आहे, एवढाच माझा अधिकार. शिवाय माझा सगळा अनुभव राज्य मंडळाचा आहे. सीबीएसई, आयसीएसईमध्येही सवलती आहेत, पण तिथली वाट वेगळी.

आज एकच करा. कपाटातलं ते सर्टिफिकेट काढा आणि त्यावरची तारीख बघा.

चौथीतलं म्हणजे मुलगा नऊ-दहा वर्षांचा असतानाचं. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मूल आठ वर्षांचं झालं की पहिलं सर्टिफिकेट, मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं, असा क्रम होता. २०२४ मध्ये ती तत्त्वं सुधारली, त्यामुळे आत्ताचा क्रम रुग्णालयातच विचारून घ्या. पण चौथीतला कागद दहावीला पुरेल या भरवशावर राहू नका.

आमचं सर्टिफिकेट २०१३ चं. तेव्हा १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार, एलडीचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, नावही नाही. नवा कायदा २०१६ चा, तो एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला, प्रकार २१ झाले आणि त्यांत अध्ययन अक्षमता आली. म्हणजे ऐन माझा मुलगा आठवी-नववीत असताना सगळं बदलत होतं, आणि मी मात्र तो कागद लॅमिनेट करून निश्चिंत बसले होते. (लॅमिनेट करू नका. नंतर कुणाला त्यावर शिक्का मारायचा असला तर पंचाईत होते.)

सप्टेंबर २०१८. दहावीच्या फॉर्मसाठी शाळेने बोलावलं. ऑफिसातल्या बाबूंनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "हे जुनं झालं, नवीन आणा." जणू दुधाची पिशवीच बदलून आणायची होती. रुग्णालयात गेले तर आधी डोळे आणि कान तपासून या, मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग लेखन-वाचन-गणिताची वेगळी चाचणी, मग डॉक्टरांची भेट. प्रत्येकाची तारीख वेगळी. सहा खेपा झाल्या. दरवेळी मुलाची शाळा बुडाली, माझी रजा गेली. दिवाळीनंतर एकदाचं सर्टिफिकेट हातात पडलं. तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. मुलं शंभर आणि तपासणारे दोघे, ते तरी काय करणार.

तक्रार आहे ती शाळेच्या ऑफिसबद्दल. शाळेचं नाव घेत नाही, शिक्षक चांगले होते आणि मुख्याध्यापिकाबाई तर फारच चांगल्या. मी सर्टिफिकेट, अर्ज, फोटो, सगळं नेऊन दिलं. सोबत रायटर, म्हणजे मुलगा सांगेल ते लिहिणारा लेखनिक, म्हणून ठरवलेल्या मुलीचे कागदही. ती शेजारची, नववीतली. दहावीच्या मुलाला रायटर नववीचा किंवा त्याखालचा लागतो. तिचं बोनाफाईड, तिच्या आईबाबांची संमती, सगळं एका पिवळ्या फाईलमध्ये. बाबूंनी फाईल लोखंडी कपाटात टाकली आणि म्हणाले, "झालं तुमचं काम."

मी पोच घेतली नाही.

ताई, माझी चूक हीच. आपलीच शाळा, रोजची माणसं, पोच कसली मागायची, असं वाटलं. डिसेंबरमध्ये विचारलं, "प्रस्ताव पाठवलाय." जानेवारीत विचारलं, "बोर्डाकडून यायचंय." प्रिलिम झाली. फेब्रुवारी संपत आला तेव्हा मंजुरीचं पत्र आलं. त्यात वाढीव वेळ होता, रायटर नव्हता. रायटरचे कागद त्या पिवळ्या फाईलमधून बाहेर निघालेच नव्हते. मी कपाटासमोर उभी राहून ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. बोनाफाईडला लावलेली माझी यू-पिनसुद्धा तशीच होती.

आणि बाबू म्हणाले काय, तर "पोरगा बोलतो तर फाडफाड. लिहील की, एक तास जास्तीचा मिळालाय." त्या ऑफिसात एक माणूस तिघांचं काम करत होता हे मला मान्य आहे. तरी हे वाक्य आजही घशात अडकतं.

तर तो एकटाच लिहायला बसला. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. पहिल्या पेपराला बाहेर आला तेव्हा उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून सरळ करत होता. अंगठ्याशेजारच्या बोटाला पेनाने खळगा पडलेला. इतिहासाच्या दिवशी स्कूटरशेजारी उभं राहून त्याने मला टिळकांवरचं सगळं उत्तर सांगितलं, सालांसकट, एकही चूक नाही. मी विचारलं, "एवढं लिहिलंस?" म्हणाला, "दोन ओळी."

वाढीव वेळ आणि रायटर या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे मला तिथे कळलं. वाचायला वेळ लागणाऱ्या मुलाला वेळ हवा. ज्याचा हातच चालत नाही त्याला जास्तीचा तास म्हणजे जास्तीचा तासभर दुखणं. तुमच्या मुलाला दोन्ही आहे, तेव्हा अर्जात दोन्ही स्पष्ट लिहा. "नियमानुसार सवलती मिळाव्यात" असं मोघम लिहू नका. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, गणिताला कॅल्क्युलेटर, जे हवं ते एकेका ओळीत. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कलमाचा आकडा अर्जात घातला की वाचणारा जरा सरळ बसतो.

दुसऱ्यांदा कसं भोवलं तेही सांगते. दहावीला तो पास झाला, गुण बेताचेच. मनाशी म्हटलं, बारावीला दाखवून देऊ. बारावीची तयारी चोख होती, रायटर दोन महिने आधी मंजूर. आणि २०२१ साली कोविडमुळे बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. निकाल लागला तो ३०:३०:४० या सूत्राने: दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के. म्हणजे ज्या पेपरांना रायटर मिळाला नव्हता, तेच पुन्हा पुढ्यात आले. त्या दिवशी मी खरोखर रडले.

म्हणून सांगते, कुठलाही कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. देत नसतील तर तिथेच बाकावर बसून राहा. वाईट दिसतं, दिसू दे. शाळेने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवला म्हटलं की जावक क्रमांक मागा. हा शब्द उच्चारला की ऑफिसची भाषा बदलते, हा माझा अनुभव. राज्यात मंडळाची नऊ विभागीय कार्यालयं आहेत. जावक क्रमांक हातात असला तर तुम्ही स्वतः तिथे चौकशी करू शकता, नसला तर "शाळेला विचारा" एवढंच ऐकून परत. फाईल देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

रायटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको. सांगून लिहवणं ही वेगळीच विद्या आहे. बारावीच्या वेळी आम्ही सराव केला तेव्हा पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. हा म्हणायचा, "मग त्यांनी ते केलं," आणि रायटर पोरगी पेन थांबवून विचारायची, "कोणी? काय केलं?" पूर्णविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, आकृतीत बाण कुठून कुठे, सगळं बोलून दाखवावं लागतं. रायटर तुमच्या मनातलं लिहीत नाही, तोंडातलं लिहितो. आणि हो, अक्षर सुंदर असलेली मुलगी शोधू नका, भरभर लिहिणारी शोधा. नववीच्या घटक चाचणीपासूनच रायटर मागा. शाळा म्हणेल, "आत्ता कशाला?" त्यांना सांगा, सराव शाळेच्या परीक्षेत नाही करायचा तर कुठे.

आता एक मत, पटलं तर घ्या. गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेण्याची सवलत बघून पालक फार खूश होतात. डिसकॅल्क्युलिया (गणिताची अडचण) खरोखर तीव्र असेल तर ती वरदान आहे. पण नुसते टक्के वाढतील म्हणून घेऊ नका. विज्ञान शाखा, पॉलिटेक्निक, पुढे गणित लागणारं सगळंच अवघड होऊन बसतं, आणि हे दहावीच्या निकालानंतर कळतं. तुमच्या मुलाला गणिताचा त्रास असल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. मग वाढीव वेळ आणि रायटरवर भागवा. मिळतात म्हणून सगळ्या सवलती घ्यायला त्या काही लग्नाच्या अक्षता नाहीत.

कॉलेजचं विचारलंत. दहावीची मंजुरी अकरावीत आपोआप येत नाही, बारावीला नव्याने प्रस्ताव, पदवीला तर विद्यापीठाचं वेगळंच. आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात पहिल्यांदा गेलो तेव्हा, "आमच्याकडे एलडीची मुलं नसतात," असं ऐकलं. असतात हो, सांगत नाहीत. मग "४० टक्क्यांच्या वरचं आहे का?" हा सर्टिफिकेटवरच्या अपंगत्वाच्या टक्क्यांचा प्रश्न. प्रवेशातल्या पाच टक्के आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहेच. पण लेखनिकासाठी ती अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात सांगितलंय. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. मी त्या निकालाची प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवायचे.

आणि कागद मंजूर असूनही केंद्रावर घोळ होतो, हेही लक्षात असू द्या. नीटच्या परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या अवनी प्रकाशला हक्काचा जादा एक तास केंद्रावर मिळाला नाही. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने चूक मान्य केली, परीक्षा घेणाऱ्या एनटीएला उपाय शोधायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. म्हणून पेपरच्या दोन दिवस आधी मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स घेऊन केंद्र संचालकांना स्वतः भेटा. मुलाच्या खिशातही एक प्रत द्या. हे केलं नाही तर पर्यवेक्षक तीन तास झाले की पेपर ओढायला हात पुढे करतात. शाळा-कॉलेज अडूनच बसलं तर पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. मी केली नाही. करायला हवी होती, असं आता वाटतं.

"दोन महिन्यांत सर्टिफिकेट करून देतो" म्हणणारे एजंट तुम्हाला भेटतील, रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच उभे असतात. त्यांच्या नादी लागू नका. खासगी मानसतज्ज्ञांचा अहवाल अभ्यासासाठी उपयोगी आहे, पण बोर्डाला शासनमान्य रुग्णालयाचंच लागतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं असेल तर त्यावरची मुदतही बघा, सर्टिफिकेट तात्पुरतं असलं की कार्डही तात्पुरतंच असतं.

एक राहिलं. मुलाला विचारलंत का? माझा मुलगा बारावीला आधी नाहीच म्हणाला होता, "मित्र बघतील." वेगळ्या खोलीत बसवतात, सगळ्यांना दिसतं, हे खरंच आहे. मी समजवायला गेले तर दार आपटलं. शेवटी दहावीच्या त्या बोटांची आठवण त्यानेच काढली आणि म्हणाला, "ठीक आहे, पण रायटर मी निवडणार." पदवीला प्रत्येक सत्राचा अर्ज त्याने स्वतः दिला, पोच घेऊन. मी फक्त गेटपर्यंत.

उद्या सकाळी सर्टिफिकेटवरची तारीख, रुग्णालयाचा प्रकार (सरकारी, पालिकेचं की खासगी) आणि मुलाची जन्मतारखेप्रमाणे आजची वयाची वर्षं इथेच लिहा. नाव-गाव लिहू नका. तपासणीची तारीख कशी मागायची आणि शाळेला द्यायचा अर्ज कसा लिहायचा, ते मी त्यावरून सांगते. माझ्या अर्जाचा मसुदा आहे, नाव काढून टाकते इथे.