भर दुपारच्या फोटोत भूत कसं आणायचं? हॅलोविन एडिटिंग चॅलेंजबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि सोबत टाकलेला फोटोही झूम करून पाहिला. म्हणजे मित्रांच्या ग्रुपवर गंमत म्हणून हॅलोविनचं एडिटिंग चॅलेंज लावलंय, सगळ्यांना एकच फोटो दिलाय, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर, दारापुढे बाज, बाजूला निंब, दोरीवर लाल साडी, आणि ३१ ऑक्टोबरच्या आत त्याला भीतीदायक करून टाकायचंय, जो जिंकेल त्याला बाकीचे शेवभाजी खाऊ घालणार. तुमच्याकडे फक्त मोबाईल आहे आणि कवटी, वटवाघळं, लाल डोळे सगळं चिकटवून झालं तरी "कार्टून दिसतंय, काय करू" असं विचारताय.

मी जळगावकडचा, लग्नाचे अल्बम अन् वाढदिवसाचे बॅनर डिझाईन करतो, त्यामुळे चिकटवाचिकटवी हाच माझा रोजचा धंदा आहे. आणि म्हणूनच सांगतो, भूत नंतर बघू, आधी उजेड बिघडवा. चौकातले बॅनर पाहा ना, भावी नगरसेवकाच्या चेहऱ्यावर डावीकडून ऊन आणि खालच्या कोटावर उजवीकडून, माणूस ओळखीचा असतो तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच, काय ते त्याला सांगता येत नाही. तुमच्या वटवाघळांचं तेच झालंय. फोटोत भर दुपार आहे आणि वटवाघळं रात्रीची आहेत, आता दुपारी दोनला कोण घाबरणार भो.

पण हाच दुपारचा फोटो तुमच्या फायद्याचा आहे, कसा ते सांगतो. बाजेची सावली पाहा, जवळजवळ खालीच पडलीय, फक्त जराशी एका बाजूला सरकलीय, कडा एकदम कडक. म्हणजे फोटो दुपारी दोन-अडीचचा असणार. आता चंद्राचा उजेड म्हणजे तरी काय, उन्हाचाच परत आलेला उजेड, त्यामुळे पौर्णिमेला सावल्या अशाच कडक पडतात, आणि पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावर येऊन मग पश्चिमेला उतरायला लागतो, अगदी दुपारच्या सूर्याच्याच चालीने. म्हणजे दुपारी अडीचच्या सावल्या या पौर्णिमेच्या रात्री अडीचच्या सावल्या म्हणून बिनधास्त खपतात. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना स्वतःच्या पायाखालची सावली कधी बघितली असेल तर लगेच पटेल. फरक एवढाच की पूर्ण चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद असतो, एडिटिंगमध्ये तेवढं खाली जायचं नाही, नुसता तसा भास आणायचाय.

मोबाईलवर स्नॅपसीड हे एडिटिंगचं अॅप घ्या, फुकट आहे. नुसता ब्राइटनेस कमी करू नका, त्याने फोटो अंधारा होत नाही, मळकट होतो. कर्व्ह (उजेड-अंधार बदलायची तिरकी रेषा) उघडा आणि उजवीकडचं वरचं टोक धरून खाली ओढा, म्हणजे फोटोत कुठेच पांढरं म्हणून काही उरत नाही, सगळ्यात उजळ भिंतसुद्धा राखाडी होते, रात्र तिथून सुरू होते. मग सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, बरंच उतरवा आणि व्हाइट बॅलन्सचं टेम्परेचर थोडं निळ्याकडे न्या, थोडंच, नाहीतर सिरीयलमधली रात्र होते, सगळं घर शाईत बुडवल्यासारखं.

निळंच का, तर चंद्राचा उजेड खरं म्हणजे निळा नसतोच, उन्हापेक्षा किंचित पिवळटच असतो. निळसर आपल्या डोळ्याला वाटतो. भरपूर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा रंग सगळ्यात चांगला पकडतो, अंधारात हेच ५०७ च्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे सरकतं आणि लाल रंग पार बुडतो. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी हे नोंदवून ठेवलंय, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखतात. तुमच्या कामाची गोष्ट यातून अशी निघते की दोरीवरची ती लाल साडी रात्री लाल दिसणारच नाही, काळपट दिसेल. ती काळी करा. फक्त तिचा लाल रंग निवडून खाली उतरवा, किंवा ब्रशने त्या जागेचं सॅच्युरेशन आणि उजेड दोन्ही काढून घ्या, आणि बघा, काही न चिकटवता दोरीवर काहीतरी काळं लोंबकळायला लागतं. भिंतीवरचे लालभडक रक्ताचे ओघळ पण याच कारणाने खोटे वाटतात, चांदण्यात रक्तही काळंच दिसणार.

आता आभाळ. दुपारच्या फोटोत सगळ्यात जास्त उजेड आभाळात असतो, चांदण्या रात्री उलटं, भिंत उजळ आणि आभाळ गडद. त्यामुळे आभाळ वेगळं काळं करावंच लागतं. स्नॅपसीडमध्ये व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन एखादा बदल ब्रशने हवा तिथेच लावता येतो, तो वापरा. सगळ्यात वैताग निंबाच्या पानांत आहे, फटींतून दिसणारं दुपारचं आभाळ तसंच राहिलं की पानांभोवती पांढरी किनार दिसते आणि बघणारा एका सेकंदात ओळखतो. त्याला कंटाळू नका, झूम करा अन् बोटाने फटी बुजवा, पान थोडं गेलं तरी चालेल, पांढरी किनार राहायला नको. मित्राचा लॅपटॉप तासभर मिळाला तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा, फुकट आहे, इन्स्टॉल करायचं काम नाही, लेयर-मास्क सगळं फोटोशॉपच्याच चालीचं, तिथे हे काम मोबाईलपेक्षा पटकन होतं.

आणि तो भला मोठा चंद्र, जो प्रत्येक जण घराच्या मागे लावतो, तो लावू नका प्लीज. चंद्र घराच्या मागे असेल तर सावल्या आपल्याकडे यायला पाहिजेत, तुमच्या सावल्या तर बाजेखाली आहेत. तुमचा चंद्र फ्रेमच्या बाहेर, वर आहे. तसाच राहू द्या.

एवढं केलं की खरं तर निम्मं काम झालं, आता भुताची पाळी. इथे माझी आवड सांगतो, तुम्हाला पटली तर घ्या. भूत दाखवायचंच नाही, भूत येऊन गेल्याची खूण दाखवायची. आपल्याकडे लहानपणापासून काय ऐकलंय, भुताचे पाय उलटे. मग अंगणातल्या धुळीत दारापासून बाजेपर्यंत अनवाणी पावलं उमटलेली दाखवा, पण टाचा बाजेकडे आणि बोटं घराकडे. पहिली नजर टाकणाऱ्याला वाटेल कोणीतरी घरात गेलंय. मग त्याला दिसेल की शेवटचं पाऊल बाजेला चिकटून आहे आणि बाजेची सुंभं मधोमध दबलीत. अमेरिकेतल्या माणसाला यातलं काही कळणार नाही, तुमच्या ग्रुपला मात्र बरोब्बर कळेल.

ही पावलं नेटवरून डाउनलोड करू नका, स्वतः करा. एका मोठ्या परातीत अंगणातली बारीक माती पसरा, हाताच्या मुठीची कडा दाबून आणि बोटांचे ठसे देऊन लहान पावलं छान उठतात (आपण श्रीकृष्ण जयंतीला, लक्ष्मीपूजनाला काढतो तशीच), आणि परात गच्चीवर दुपारी त्याच अडीचच्या उन्हात ठेवून फोटो काढा, मोबाईल तेवढ्याच कोनात धरा ज्या कोनातून घराचा फोटो आहे. परात फिरवून सावली बाजेच्या सावलीच्याच बाजूला पडतेय ना बघा. मग फोटोपीमध्ये तो फोटो घराच्या फोटोवर ठेवून ब्लेंड मोड (वरचा फोटो खालच्यात मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय करा, उजळ माती गायब होते आणि पावलांच्या सावल्या तेवढ्या उरतात. लांबच्या पावलांना बारीक करत जा. हे टेबलावर छोटं जग मांडून मोठं दाखवायचं काम आपल्या खान्देशात फार जुनं आहे, चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलटॉप फोटोग्राफीत जगभर नाव कमावलं, तेही आयुष्याचा बराचसा काळ घराच्या बाहेर न पडता. त्यांचं घर चाळीसगाव स्टेशनजवळच आहे, आता तिथे संग्रहालय आहे, कधी गाडीला वेळ असला तर जाऊन या, फोटोची आवड असेल तर डोकं गरगरेल.

तरी भूतच पाहिजे असेल तर जुनी पद्धत सगळ्यात भारी, डबल एक्सपोजर, म्हणजे एकावर एक दोन फोटो. बोस्टनचा विल्यम मुमलर १८६० च्या दशकात यावरच पैसे कमवायचा, फोटो काढायला जिवंत माणूस बसायचा आणि मागे त्याचा मेलेला नातेवाईक धुरकट उमटायचा. लिंकनच्या विधवेचाही असा फोटो त्याने काढलाय, मागे लिंकन उभे. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, सर्कसवाला बार्नम त्याच्या विरोधात साक्ष द्यायला आला, तरी पुरावा कमी पडून गडी सुटला. तुम्ही स्नॅपसीडमधलं डबल एक्सपोजर वापरा, घरातल्या कोणाला तरी चादर पांघरून बाजेवर बसवा, चेहरा वळलेला असू द्या, आणि तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर दिसू देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाने असं केलं तर खाली पहिलीच कमेंट आली, "भूत ना रे भो, मना मामा शे तो." म्हणून चेहरा वळवा.

भोपळा पाहिजेच असं ग्रुपचं म्हणणं असेल तर बाजारातून एक गंगाफळ आणा, कोरा, आत पणती ठेवून अंधारात खरा फोटो काढा आणि उंबऱ्यावर बसवा, खालून वर पडणारा पिवळा उजेड तुम्हाला आयता मिळतो, तोच थोडा चौकटीवरही ब्रशने लावा. आणि भोपळ्याचाच हट्ट पाहिजे असंही काही नाही बरं का, आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर लोकांना भोपळे सापडले. त्या हिशोबाने आपण भरताचं वांगं कोरलं तरी काय बिघडलं. बामणोदचं मोठं वांगं कोरून तासभर ठेवलं की आतून काळं पडतं, मेकअपचा खर्च वाचला. आतला गर मात्र वाया घालवू नका, घरचे तुमचं भूत करतील.

धुकं टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा, जवळ पातळ आणि लांब दाट, सगळीकडे एकसारखं टाकलं की काचेवर वाफ आल्यासारखं दिसतं. आणि आपल्याकडे ऑक्टोबरअखेरीला कुठलं आलंय धुकं, त्यापेक्षा चुलीचा धूर घ्या, काळ्या बॅकग्राउंडवर अगरबत्तीचा धूर शूट करा आणि फोटोपीत स्क्रीन ब्लेंड मोडमध्ये वर ठेवा, काळं निघून जातं अन् धूर राहतो. सगळं झाल्यावर पूर्ण फोटोवर थोडं ग्रेन (बारीक दाणे) टाका, त्याने चिकटवलेलं आणि मूळचं एकाच कॅमेऱ्यातलं वाटतं.

आता एक जरा गंभीर, पण आपल्या भागात बोललंच पाहिजे असं. फोटोच्या कोपऱ्यात "हॅलोविन एडिट" असं फोटोवरच लिहा, खाली कॅप्शनमध्ये नाही, कारण फॉरवर्ड करताना कॅप्शन काढून टाकता येतं आणि फोटो तेवढा पुढे जातो. आणि गावाचं नाव, ओळखीच्या माणसाचं तोंड, म्हाताऱ्या बाईचं तर अजिबातच टाकू नका. सातपुड्याच्या गावांमध्ये डाकीण म्हणून बायकांना आजही त्रास दिला जातो, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने मारून टाकलं, मागे काय होतं तर मोबाईलवर फिरणाऱ्या अफवा. तुमच्या ग्रुपला तो खेळ आहे हे माहीत आहे, चौथ्या ग्रुपला माहीत नसतं. मला तर वाटतं चॅलेंज लावणाऱ्यानेच हा नियम करून टाकावा, कोपऱ्यात शिक्का नसेल तर फोटो बाद.

त्याच्याकडून अजून एक विचारून घ्या, एआयने बनवलेलं चालतं का. चालत असेल तर निम्मी पोरं एक ओळ टाईप करून हवेली घेऊन येतील आणि मूळ घर कुठे गेलं तेच कळणार नाही. माझ्या मते अशा चॅलेंजची मजा दिलेला फोटो ओळखू येण्यात आहे, म्हणून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही शेजारी-शेजारी लावून टाका, मतं मिळायला त्याचा फार उपयोग होतो.

शेवटी पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की कॉम्प्रेस होतो आणि पहिला मार काळ्या आभाळाला बसतो, चौकोन-चौकोन दिसायला लागतात, एवढ्या मेहनतीने बुजवलेल्या फटी वाया जातात. एडिट करताना स्क्रीन फुल ब्राइट ठेवू नका, मध्यावर ठेवा, आणि टाकायच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी साध्या मोबाईलवर उघडून बघा, पावलं दिसताहेत का. दिसत नसतील तर पावलांच्या भोवतालची माती किंचित उजळ करा, पावलं गडद करू नका. आणि दिवसा टाकू नका भाऊ, उन्हात कोणाला काही दिसणार नाही अन् लोक न बघताच अंगठा देऊन पुढे जातील. रात्री साडेदहा-अकराला टाका, लाईट बंद करून सगळे अंथरुणात मोबाईल घेऊन पडलेले असतात तेव्हा. फायनल झालं की इथे कमेंटमध्ये पण टाका, बघायला आवडेल.