कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे आकडे: सुरुवातीला एवढंच करा

डॅशबोर्डच्या मागे आत्ताच लागू नका, साधी एक्सेल शीट पुरे. प्रत्येक घटनेला एक ओळ: तारीख, वेळ, जागा, काम, इजा, कारण. कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा' लिहिलं की शोध तिथेच संपतो. 'मशीनचा गार्ड काढलेला होता', 'फरशीवर तेल' असं लिहा.

मग दर काढा, म्हणजे 10 लाख तासांमागे किती अपघात: अपघात × 10,00,000 ÷ कामाचे एकूण तास. एका विभागात 2,00,000 तासांत 4 अपघात म्हणजे 20. दुसऱ्या विभागात 50,000 तासांत 2 म्हणजे 40. नुसती संख्या पाहिली तर दुसरा विभाग बरा वाटतो!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- एका महिन्याच्या चढउतारावरून निष्कर्ष. 12 महिन्यांचा सरकता दर (दर महिन्याला मागच्या 12 महिन्यांचा मिळून काढलेला) पाहा.
- थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी घटल्या म्हणून खूश होणं. बऱ्याचदा लोकांनी कळवणंच थांबवलेलं असतं, विशेषतः कळवणाऱ्यालाच बोलणी बसत असतील तर.